दहा-शून्यची सर्व्हिस

माझ्या हाताखालून गेलेल्या टेबल टेनिसच्या पोरींत सगळ्यात मोठी खेळाडू कोण, असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून छू मानछिंगचं नाव यावं अशी त्याची अपेक्षा असते. तिचा फोटो आमच्या क्रीडाशाळेच्या फाटकावर लावलाय, माणसाहून मोठा. मी मात्र सांगते, गोंग रुओशी. मग समोरचा म्हणतो, ही कोण बुवा? कोण म्हणजे काय! बसा, सांगते. पण मधेमधे बोलायचं नाही, मला ते अजिबात खपत नाही. आणि हे मानछिंगच्या कानावर गेलं तर तुमची धडगत नाही.

रुओशी माझ्याकडे आली तेव्हा सहा वर्षांची होती. वडील समुद्रातलं खायचं शेवाळ काढणाऱ्या बोटीवर, आई किनाऱ्यावर तेच शेवाळ वाळत घालणारी. अंगाला कायम समुद्राचा वास. बॅट अशी धरायची जणू लाटणंच. पहिल्या दिवशी मी तिला म्हटलं, "अगं, पोळ्या लाटायच्यात का आपल्याला?" इतर पोरी हसल्या. ती हसली नाही, रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी बॅट नीट धरून आली. तेव्हाच मला कळलं की ही पोर वेगळी आहे.

तिच्याकडे कुठलीच देणगी अफाट नव्हती, खरं सांगते. पाय बेताचे, उंची बेताची. पण सर्व्हिस! झोपेतून उठवून टेबलापाशी उभी केली असती तरी तिची सर्व्हिस नेटवरून चिमूटभर अंतराने पलीकडे गेलीच असती आणि पलीकडे जाऊन समोरच्याच्या बॅटवरून भलतीकडे पळाली असती. दहा वर्षं रोज सगळे जेवायला गेले की ही एकटी टोपलीभर बॉल घेऊन सर्व्हिस मारत बसायची. मी ओरडायची, "जेव गं बाई, वाळून तुझंही शेवाळ होईल." ती म्हणायची, "एवढी टोपली संपली की येते."

मानछिंग आली ती रुओशी चौदा वर्षांची झाल्यावर. अकरा वर्षांची, लवंगी मिरची. फटका मारताना हात असा सुटायचा की मीच दोन पावलं मागे सरायची. मनाने मात्र कच्ची. हरायला लागली की दोनच गोष्टी व्हायच्या. घाबरली तर रडायची, आणि मग खेळ संपलाच. चिडली तर समोरच्याची खैर नाही. मी तिला रुओशीच्या खोलीत ठेवलं. रुओशी तिचे केस विंचरायची, वेण्या घालायची, बॅटला रबर कसं चिकटवायचं ते शिकवायची, घरची आठवण आली की पांघरुणात घ्यायची. मानछिंग दिवसभर "ताई, ताई" करत तिच्या मागे. मी म्हणायची, "हिला शेपूट फुटलंय."

तर मानछिंग येऊन दोन वर्षं झाली, त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये येनतायला निवड चाचणी होती. प्रांताच्या युवा संघात मुलींची एकच जागा. एकच! आणि वयाची अट सोळा. रुओशीला हिवाळ्यातच सोळा पूर्ण झाली होती. म्हणजे तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष. जागा मिळाली तर जीनान, प्रांताचा संघ, पुढे काय वाटेल ते. नाही मिळाली तर खेळ संपला, कुठल्यातरी शाळेत नाव घालायचं आणि चारचौघींसारखं जगायचं. मानछिंग तेरा वर्षांची, तिला अजून तीन वर्षं होती. माझ्या मनात काय होतं ते सरळ सांगते. रुओशी जावी. मानछिंगवर माझा जीव होताच, पण तिची गाडी पुढच्या वर्षीही आली असती.

शेवटच्या दिवशी तिघीच उरल्या. माझ्या दोघी आणि येनतायचीच थंग ज्यायू. ज्यायूचे कोच मो सर. केसांना तेल, बोलण्यालाही तेल. तिघींनी एकमेकींशी खेळायचं, पहिली येईल ती जाईल.

सकाळी माझ्या दोघी एकमेकींसमोर आल्या. अशा वेळी कोचने कुणाच्याच बाजूला बसायचं नसतं, म्हणून मी टेबलाभोवतीच्या आडोशाच्या फळ्यांमागे उभी. दोन गेम झाले, एक हिचा एक तिचा. तिसऱ्याला रुओशीची सर्व्हिस अशी काही लागायला लागली की मानछिंगला बॉल कुठे जातोय तेच कळेना. चार-शून्य, सात-शून्य. पोरीचा चेहरा उतरला. ओठ थरथरायला लागले. नऊ-शून्य. दहा-शून्य.

आता इथे एक गोष्ट आहे. दहा-शून्य झालं की एक पॉइंट समोरच्याला द्यायचा, हे आमच्याकडे कोणी शिकवत नाही. पोरं आपसूक शिकतात, घरातल्या म्हाताऱ्याच्या ताटात आधी वाढायचं हे शिकतात तसंच. शून्यावर कुणाला मारायचं नाही. हल्ली वरच्या स्पर्धांतून हे बंद पडत चाललंय म्हणा. पूर्ण ताकदीने खेळणं हाच समोरच्याचा मान, असं म्हणतात आता, आणि लोक फोनवर त्यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटतात. मला विचाराल तर टीव्हीवरच्या मोठ्या लोकांनी काय करायचं ते करावं. रडवेल्या तेरा वर्षांच्या पोरीसमोर कसलं आलंय तत्त्वज्ञान!

रुओशीने बॉल वर फेकला आणि सर्व्हिस सरळ नेटच्या तळाशी घातली. पुन्हा बॉल घेतला, दुसरी सर्व्हिस मारली आणि गेम संपवला. अकरा-एक. मग चौथा गेमही घेतला. मॅच तिची.

जेवताना मी तिच्या वाडग्यात बांगड्याचं सारण भरलेले दोन मोमो जास्तीचे टाकले. ती हळूच म्हणाली, "तिसऱ्याला एक सोडला, बाई. दुपारी तिला ज्यायूशी खेळायचंय. शून्यावर हरली असती तर रडत बसली असती."

"बरं केलंस," मी म्हटलं. "गप जेव."

आणि खरंच, दुपारी मानछिंग रडत बसली नाही. मो सर फळ्यांजवळून जाताना ज्यायूला मोठ्याने म्हणाले, "ही बाहुली एक गेम टिकली तरी खूप." मानछिंगची कानशिलं लाल झाली. मग तिने ज्यायूची जी काही धुलाई केली! तीन-एक. मो सरांच्या केसांवरचं तेलसुद्धा सुकलं.

शेवटची मॅच रुओशी आणि ज्यायू. रुओशी जिंकली असती तर प्रश्नच नव्हता. पण ज्यायूही काही लेचीपेची नव्हती. चिडून, दात खाऊन खेळली, आणि रुओशीचे पाय चौथ्या गेमला जड झाले. हरली. तीन-एकनेच. मी बाकावर बसून होते. ती टॉवेल तोंडावर धरून माझ्या शेजारी बसली. अशा वेळी बोलणारा कोच मूर्ख असतो.

आता तिघींची प्रत्येकी एक जीत, एक हार. गेमही सारखेच. मग नियम असा की तिघींच्या सगळ्या पॉइंटांचा हिशेब करायचा, मिळवलेले भागिले गमावलेले, जिचा आकडा मोठा ती पहिली. प्रांताकडून आलेले खोंग सर टेबलाशी कागद घेऊन बसले. उंच, वाळलेला माणूस, हसलेला मी कधी पाहिला नाही. त्यांनी दोनदा बेरीज केली, मग उभे राहून वाचलं. छू मानछिंग, मिळवलेले ऐंशी, गमावलेले एकोणऐंशी. गोंग रुओशी, मिळवलेले एकोणऐंशी, गमावलेले एकोणऐंशी. थंग ज्यायू तिसरी.

एक पॉइंट. अहो, एक! माझ्या डोक्यात आधी घंटा वाजली, मग हिशेब झाला. ती सर्व्हिस नेटवरून गेली असती तर मानछिंगचा एक कमी झाला असता आणि रुओशीच्या गमावलेल्यांतलाही एक कमी. रुओशी पहिली.

मो सरांना हिशेब माझ्या आधी झाला होता. पोरगी तिसरी आल्याची आग कुठेतरी ओतायची होतीच. ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "लुआन बाई, अजून जुन्या काळात का तुम्ही? हल्ली वर कोणी पॉइंट वाटत नाही. सकाळी वाटला, दुपारी जागा गेली. बसा आता मान राखत."

मी म्हणाले, "तुमच्या पोरीला तर वाटायलाही काही उरलं नव्हतं, मो सर."

मानछिंगने ते ऐकलं. तेरा वर्षांची असली तरी आकडे तिला कळत होते. ती आधी पांढरी पडली. मग सरळ खोंग सरांच्या टेबलाशी गेली. "मी जात नाही. ताईला पाठवा. तिने मला पॉइंट दिला होता. तो माझा नाही."

खोंग सरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "निकाल निकालच असतो. पण तू स्वतःहून नाही म्हणालीस तर दुसऱ्या नंबरची जाईल. ठरव. नाव मला आत्ता लिहायचंय."

दुसऱ्या नंबरची म्हणजे रुओशी. ऐकलंत ना? दार उघडं होतं. रुओशीने काही करायचंसुद्धा नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. मी मनात म्हटलं, गप्प बस गं बाई, देवासाठी गप्प बस.

मानछिंग तिच्यासमोर उभी राहिली. डोळे भरलेले. "ताई, तू दिलास ना तो? दहा-शून्यचा?"

रुओशीने टॉवेल गळ्यात टाकला. तिने पोरीकडे पाहिलं, मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "दिला? तुला कशाला देऊ?"

"तुझी सर्व्हिस कधी नेटमध्ये जात नाही."

"आज गेली. खोंग सर बघत होते. म्हटलं, शून्यावर काढलं तर छाप पडेल. लांब, जोरात मारायला गेले आणि अडकली."

"खोटं बोलतेस."

"का? तुझ्या वेण्या घालते म्हणून?" रुओशी हसली. असं हसू मी तिच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. "तू सारखी मागे मागे फिरतेस त्याचा मला किती कंटाळा येतो माहितेय? दोन वर्षांत मला एकदा तरी हरवलंयस? तुला पॉइंट द्यावा एवढी तू मोठी कधी झालीस गं?"

दहा-शून्यला मान राखणं वेगळं, पण आपल्याच खोलीतल्या लहान पोरीला शून्यावर मारायची हाव धरायची आणि ती तोंडावर सांगायची, हे आमच्याकडे फार वाईट. लोकांच्या नजरा मी रुओशीवर पडताना पाहिल्या. तिलाही त्या दिसल्या असणार.

मानछिंग माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही पाहत होतात. ही खरं बोलतेय?"

काय सांगू तुम्हाला त्या वेळेचं! माझ्या जिभेवर होतं. दुपारी जेवताना हिनेच मला सांगितलंय, हे एवढंच वाक्य. बोलले असते तर दहा वर्षांची टोपल्याटोपल्यांची मेहनत जीनानला गेली असती. मी तोंड उघडलंही. आणि रुओशीने माझ्याकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, डोळाही मिचकावला नाही. नुसतं पाहिलं. मला कळलं की हिने हिशेब माझ्याही पुढचा केलाय. मानछिंग त्या दिवशी घरी परतली असती तर जन्मभर तिच्या मनात राहिलं असतं की आपण कुणाचातरी पॉइंट खाल्ला. आणि जीनानला गेली असती, तरी तेच राहिलं असतं. ही पोर मनाने कच्ची. असलं ओझं घेऊन ती एक वर्षही टिकली नसती.

"हो," मी म्हटलं. "हिला पहिल्यापासून हाव आहे."

माझ्या आयुष्यात मी इतकं कडू वाक्य बोलले नाही.

मानछिंगचा चेहरा पांढऱ्याचा लाल झाला. अश्रू तिथल्या तिथे सुकले. तिने खोंग सरांच्या हातून पेन जवळजवळ हिसकावलं आणि सही केली. मग रुओशीकडे न बघता म्हणाली, "माझी बॅग मी भरीन. तू हात लावायचा नाही."

खोंग सर कागद गोळा करताना माझ्याजवळ थांबले. मी त्यांना म्हटलं, "सर, एक जागा वाढवा. नुसती सराव करायला तरी घ्या हिला."

"जागा एकच आहे," ते म्हणाले. मग जरा वेळ रुओशीकडे पाहत राहिले, ती वाकून जमिनीवरचे बॉल टोपलीत भरत होती. "लुआन बाई, तीस वर्षं मी सर्व्हिसच बघतोय. लांब मारायला गेलेली सर्व्हिस नेटच्या तळाशी जात नाही." आणि तिला मान लववून ते निघून गेले. तो वाळका माणूस, एका सोळा वर्षांच्या पोरीला मान लववून! त्या दिवशी मला तेवढाच काय तो आधार वाटला.

आठवड्याने मानछिंग आमच्या गावच्या, रोंगछंगच्या स्टँडवरून जीनानच्या बसमध्ये बसली. सगळ्या पोरींना मिठ्या मारल्या, माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडली. रुओशीच्या अंगावरून अशी गेली जशी तिथे कोणी उभंच नाही. बस हलली तेव्हा रुओशीने तोंडाला हात लावून आरोळी दिली, "महिन्याभरात रडत परत येशील!"

खिडकीतून डोकं बाहेर आलं. "मेले तरी येणार नाही!"

बस वळणाआड गेली. मग रुओशी खाली बसली, स्टँडच्या त्या घाणेरड्या फरशीवर, गुडघ्यांत तोंड घालून. तिचे खांदे हलत होते. मी तिच्याशेजारी बसले. माझे गुडघे तेव्हाही दुखायचे, पण बसले. लोक बघत होते, बघू देत. मी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की तुझ्याएवढी मोठी खेळाडू मी पाहिली नाही. ती म्हणाली, "मग येनतायला चौथा गेम का हरले, बाई?" आणि रडता रडता हसली.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मानछिंगचं तुम्हाला माहीतच आहे, मी काय सांगू. रुओशी शिकली, आणि आता आमच्याच शाळेत सगळ्यात लहान पोरींना शिकवते. तिच्या वर्गातल्या एकाही पोरीची सर्व्हिस वाकडी जात नाही.

गेल्या वसंतात फाटकावरचा फोटो लावायच्या समारंभाला मानछिंग स्वतः आली. वीस वर्षांची, उंच, देखणी. मागे फोन घेऊन धावणारे लोक. माझ्या पाया पडली, स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्यालाही भेटून आली. रुओशी लहानग्यांना रांगेत उभं करून बाजूला होती. मानछिंगने तिच्याकडे पाहिलं, मान ताठ केली आणि पुढे गेली. सात वर्षांनी! मग लहान पोरींना दाखवायला म्हणून ती टेबलापाशी उभी राहिली आणि जे फोरहँड मारले, भिंत फुटेल असं वाटलं. प्रत्येक फटक्यानंतर तिची नजर रुओशीवर जायची, बघ म्हणून.

माझा संताप अनावर झाला. आपल्याला कळत असतं की गप्प बसावं, पण माणूस दगड थोडाच असतो. मी रुओशीला कोपऱ्यात ओढलं. "बस झालं. मी आज सांगणार आहे तिला सगळं. जेवायच्या टेबलावर, सगळ्यांसमोर."

रुओशीने माझा हात धरला. "नका, बाई. शरदात राष्ट्रीय स्पर्धा आहेत. त्या होऊ देत."

"आणि मग?"

"मग त्याच्या पुढच्या असतील." ती टेबलाकडे बघत होती. मानछिंगने आणखी एक फटका मारला, आणि लहान पोरी ओरडल्या. रुओशीचा चेहरा उजळला. "बघितलंत? चिडली की कसा हात सुटतो."

"अगं, ती तुझा तिरस्कार करते!"

"करू दे की," ती म्हणाली. "मला ती आवडते ना."